डावीकडचं झाड

ड्रायव्हरसाहेबांना अर्धांगाचा झटका आला तो घरी, अंघोळ करून बाहेर येताना. बस तेव्हा डेपोत रिकामी उभी होती. "थोडक्यात निभावलं बघा, गाडीत माणसं असती तर?" असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि चहा पिऊन जायचा. त्यांच्या बायकोला ते पटायचं. पण पटूनही हायसं वाटायला अंगात त्राण लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

सकाळी नवऱ्याचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, आखडलेल्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, शेजारणीकडे किल्ली द्यायची आणि लाँड्रीत पळायचं. लाँड्री हॉटेलांच्या चादरींची होती. दोन बायकांनी ओली चादर चारी टोकांनी ताणून धरायची आणि तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची. पलीकडून ती कोरी करकरीत बाहेर यायची. दिवसभर परक्या लोकांच्या अंथरुणातल्या सुरकुत्या काढायच्या आणि स्वतःच्या अंथरुणाला पाठ कधी टेकेल याची वाट बघायची, असं तिचं चाललं होतं. तिच्या जोडीला असलेली बाई म्हणायची, "अगं, तू उभ्या उभ्या झोपतेस. एक दिवस चादरीबरोबर आत जाशील नि घडी होऊन बाहेर पडशील."

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी भराभर बरंच काही सांगितलं होतं. त्यात "डाव्या बाजूकडे लक्ष कमी राहील" असंही एक वाक्य होतं. तिने मान डोलावली होती. डावा हात, डावा पाय, हे तर दिसतच होतं की.

ड्रायव्हरसाहेबांनी आयुष्यभर एकच रस्ता चालवला होता, शहरातून घाट चढून वर धरणापर्यंत. अंथरुणावर पडल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. रस्ता विसरायचा नाही.

"रुजू होईन तेव्हा एकेक वळण पाठ पाहिजे," ते म्हणायचे. बोलणं थोडं जड झालं होतं, पण हुकूम सोडण्यापुरतं साफ होतं. "तू जाऊन फोटो काढून आण. धरण, खाणीजवळचा उतार, पुलावरचा खांब. सगळं."

"अहो, मला मेलीला कुठे फोटो काढता येतात?"

"त्यात काय येण्यासारखं आहे? बटण दाबायचं."

उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं? पण रविवारी तिची नणंद दिवसभर भावाजवळ बसायला यायची. तेवढा एक दिवस तिचा असायचा. तो झोपून काढावा असं तिच्या मनात फार होतं. तरी ती फोन घेऊन बसने घाटात जाऊ लागली, कारण संध्याकाळी फोटो दाखवताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर जरा जीव यायचा.

जीव यायचा आणि लगेच आठ्याही यायच्या.

"हे काय? धरण दाखव म्हटलं तर नुसता विजेचा खांब काढून आणलास."

"अहो, आहे की धरण. हे काय."

"कुठे? आणि या फोटोत पूल अर्धाच. उरलेला काय वाहून गेला?"

ती फोन स्वतःकडे वळवून बघायची. तिला पूल अख्खा दिसायचा. पण दिवसभराच्या थकव्याने तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. "फोन जुना झालाय," ती म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी तिने चादर ओढता ओढता जोडीदारणीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या गल्लीतला फोटोवाला शिकवतो की. रविवारी सकाळी लोकांना घेऊन नदीकाठी, कुठे कुठे जातो. जा एकदा. निदान त्यांचं तोंड तरी बंद होईल."

फोटोवाला हा किडकिडीत, सतत खोकणारा माणूस होता. त्याच्या दुकानात पासपोर्टचे फोटो निघायचे. उरलेला वेळ तो दारात बसून काढायचा. शिकायला येणाऱ्यांकडे मोठाले कॅमेरे होते. हिच्याकडे तडा गेलेला फोन. तिने तो पदराआड धरला, तेव्हा तो म्हणाला, "लपवू नका. कॅमेरा कितीही भारी असो, चौकटीला कोपरे चारच."

त्याचं शिकवणं साधं होतं. "बटण दाबायच्या आधी चारी कोपऱ्यांत जाऊन या. बाहेर पडताना घराच्या खिडक्या बघता ना, तसं." कोणाचं क्षितिज कललेलं दिसलं की म्हणायचा, "पाणी सांडतंय, पुसा ते." आणि सगळं मधोमध ठेवणाऱ्यांवर त्याचा विशेष राग. "मधोमध ठेवलेला माणूस म्हणजे पासपोर्ट. ते पाप मी रोज करतो पोटासाठी. तुम्ही कशाला करता? जरा बाजूला सरकवा. त्याला श्वास घ्यायला जागा द्या."

तिला हे आवडलं. शिकण्यापेक्षाही, कोणीतरी समोर उभं राहून सांगतंय आणि आपण नुसतं ऐकायचं, कोणाला उचलायचं नाही, पुसायचं नाही, हेच तिला विश्रांतीसारखं वाटलं. फोटो काढायच्या आधी ती थांबायला शिकली. एखादी गोष्ट चौकटीत घेण्यापेक्षा बाहेर ठेवायला जास्त धीर लागतो, हेही तिच्या लक्षात आलं. तारा, पाट्या, कचऱ्याचे ढीग एका पावलाच्या अंतराने नाहीसे होतात हे बघून तिला गंमत वाटायची. घरी तसं एक पाऊल बाजूला व्हायची सोय नव्हती.

असंच एका रविवारी फोटोवाला सगळ्यांना धरणावर घेऊन गेला, तेव्हा ती काठावर गुडघे टेकून बसली होती. पाणी ओसरलं होतं आणि काठावरचं एक निष्पर्ण झाड गाळात एकटं उभं होतं. तिने ते डाव्या कडेला घेतलं आणि उरलेली सगळी चौकट पाण्याला दिली. वारा पडेपर्यंत ती थांबली. गुडघ्यातून कळा येत होत्या. मग तिने बटण दाबलं.

फोटोवाल्याने फोन हातात घेतला आणि बराच वेळ दिला नाही. "एवढं पाणी मोकळं सोडायचं धाडस कुठून आलं?" त्याने विचारलं. "त्या मोकळ्या पाण्यामुळे झाड एकटं झालंय." त्याने पैसे न घेता त्याची मोठी प्रत छापून दिली.

तिने ती घरी नेली. नणंद निघायच्या तयारीत होती, तीही थांबली. ड्रायव्हरसाहेबांनी फोटो उजव्या हातात धरला, नीट बघितला, आणि म्हणाले, "पाणी आहे. नुसतं पाणी कशाला काढलंस? आणि वर छापूनही आणलंस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नुसतं पाणी? ते झाड दिसत नाही तुम्हाला?"

"कुठलं झाड?"

"पुरे झालं हं! चिखलात गुडघे टेकून बसले मी. कधी एक चांगला शब्द बोलायचा नाही, ते नाहीच. धडधाकट होतात तेव्हाही नाही आणि आताही नाही. मी काय यंत्र आहे? सकाळी तुमचं करायचं, दिवसभर लोकांचं करायचं, आणि वर हे ऐकायचं?"

"अगं पण झाड नाहीच आहे तर—"

"अरे, डोळे आहेत की बटणं?" नणंद मधे पडली. "एवढं थोरलं झाड!"

"ताई, तूही तिच्याच बाजूची झालीस," ड्रायव्हरसाहेब खरोखर दुखावून म्हणाले.

नणंदेने फणकाऱ्याने फोटो त्यांच्या हातातून ओढला आणि समोरच्या स्टुलावर आपटला. तो उलटा पडला, पाणी वर आणि आभाळ खाली. ड्रायव्हरसाहेबांनी तिकडे बघितलं.

"हे कुठून आलं आता?" ते म्हणाले. "झाड असं उलटं का उगवलंय?"

बायकोने हात पुढे करून फोटो सुलट फिरवला. झाड डावीकडे गेलं.

"आता?"

"आता गेलं," ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे घाबरलेले दिसले.

जेवणाचं ताट तिथेच होतं. ते रोज "अजून वाढ" म्हणायचे आणि ताटातलं अर्धं तसंच टाकायचे. तिला वाटायचं आजारपणाने चिडखोर झालेत. तिने ताट अर्धं फिरवलं. ते म्हणाले, "वाढलंस होय?" आणि जेवू लागले. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून ओट्याला धरून उभी राहिली. इतके आठवडे ती एका आंधळ्या कडेशी भांडत होती. रडावं असं वाटत होतं, पण भांडी पडली होती, ती घासली.

त्यानंतर तिने सोपा मार्ग धरला. पुढच्या रविवारपासून जे काही दाखवण्यासारखं असेल ते उजवीकडे. डोंगर उजवीकडे, पूल उजवीकडे, म्हशी उजवीकडे. ड्रायव्हरसाहेब खूश. "आता जमायला लागलं तुला," ते म्हणायचे. ताटातही सगळं उजवीकडे. घरात शांतता आली, आणि एवढ्या दमलेल्या बाईला शांततेपलीकडे काय हवं असणार?

फोटोवाला मात्र कुरकुरू लागला. "काय झालंय तुम्हाला? सगळी गाडी एकाच बाजूला लवंडलीय."

तिने काही सांगितलं नाही. पण आठवड्यातून एकदा व्यायाम घ्यायला येणाऱ्या फिजिओ मुलीपुढे ते लपलं नाही. तिने ताट बघितलं, फोटो बघितले आणि कमरेवर हात ठेवले.

"काकू, हे काय करताय? डोळे चांगले आहेत त्यांचे. डावी बाजू आहे हेच डोकं विसरलंय. तुम्ही सगळं उजवीकडे आणून ठेवलंत तर ते कशाला आठवेल? त्यांना तिकडे जायला लावा. रोज. थोडं थोडं."

"आणि तिकडे जायला लावलं तर चिडतात गं."

"चिडू द्या."

तुझं बरं आहे, तू चिडलेल्या माणसाला सोडून खाली उतरून जातेस, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मुलगी खरं बोलत होती. तिला नुसता कंटाळा आला. म्हणजे आणखी एक काम.

रविवारी ती फोटोवाल्याच्या दुकानात गेली आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं. तो खोकायचाही थांबला. मग तिने विचारलं, "माणसाची नजर उजवीकडून डावीकडे न्यायची असेल तर काय करायचं?"

"अवघड आहे," तो म्हणाला. "आपण वाचतो डावीकडून, म्हणून नजर आपसूक उजवीकडे घसरते. उलटी न्यायची तर तिला धरायला काहीतरी द्यायला लागतं. कुंपण, कठडा, रूळ, पायवाट. जिथे त्यांना दिसतं तिथे सुरू झालं पाहिजे आणि मधे कुठे तुटता कामा नये. तुटलं की नजर सुटली. आणि टोकाला काहीतरी पाहिजे. एवढं चालून गेल्यावर रिकाम्या घरात कोण जाईल?"

घाटाच्या वरच्या वळणावर रस्त्याच्या कडेला काळे-पांढरे रंगवलेले दगड होते, हे तिला बसमधून दिसलेलं आठवत होतं. ती तिथे उतरली. चढावर उभी राहून, खाली बसून, मागे सरकून बघितलं. शेवटी जागा सापडली. दगड चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात मोठे सुरू व्हायचे आणि लहान लहान होत डावीकडे जायचे, ओळ कुठेही न तुटता. टोकाला वळणाआडून बस यायला हवी होती. बस सोडून दुसरं काय ठेवणार?

बस आली. तिने फोन उचलला. ड्रायव्हरला वाटलं बाईला चढायचंय, त्याने नेमकी तिच्यासमोर आणून गाडी उभी केली. चौकटीत नुसतं चाक आलं.

"चढा, बाई."

"नाही, मला नाही यायचं."

"मग हात कशाला केलात?"

दुसऱ्या बसनेही तेच केलं. ऊन चढलं. पाण्याची बाटली संपली. एका दगडावर बसून तिने पाय चोळले आणि मनात म्हणाली, हाडांची काडं होईपर्यंत या माणसाचं करते आहे, आणि त्याला अर्धी खोलीच दिसत नाही. मी डावीकडे बसले की मी घरातच नसते. हा विचार तिला नवा होता आणि फार वाईट होता. पण तो मनात आल्यावर जरा मोकळंही वाटलं. तिसरी बस वरून परत खाली जाताना थांबली, तेव्हा तिने ड्रायव्हरला सरळ सांगितलं की वर येताना थांबू नका, फोटो काढायचाय. त्याने विचारलं कशाला, तिने नवऱ्याचं नाव सांगितलं. "त्यांनीच मला हा घाट शिकवलाय," तो म्हणाला. "बघा, वर येताना सावकाश घेतो. थांबत नाही."

तो आला तसाच. सावकाश, न थांबता, टोकाच्या दगडापाशी लाल तोंड काढून. तिने श्वास रोखून बटण दाबलं.

त्या संध्याकाळी नणंद गेल्यावर तिने छापून आणलेला फोटो नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

"दगड," ते म्हणाले. "वरचं वळण ना? दगड कशाला आणलेस?"

"बोट ठेवा पहिल्यावर. ठेवलं? आता पुढच्यावर जा."

"संपले."

"नाही संपले. जा अजून."

"संपले म्हणतोय ना मी!"

"चिडा खुशाल," ती म्हणाली. "पण बोट उचलू नका."

त्यांनी तिच्याकडे रागाने बघितलं आणि बोट सरकवलं. काळा, पांढरा, काळा. मधेच बोट परत उजवीकडे घसरलं, तिने धरून पुन्हा जागेवर ठेवलं. त्यांच्या कपाळावर घाम आला, जणू खरंच घाट चढत होते. काळा, पांढरा. बोट थांबलं.

"गाडी," ते म्हणाले. मग जोरात, "गाडी आली की! आपलीच. हा बघ, वळण बाहेरून घेतोय. शंभरदा सांगितलंय, आत धर."

ती हसली. किती तरी दिवसांनी तिला पोटातून हसू आलं. "दिसली ना?"

"दिसली. पण मघाशी नव्हती."

"होती."

"नव्हती."

"अहो, छापलेला फोटो आहे. बस कुठून येणार त्यात?"

त्यांनी बोट उचललं, उजवीकडे बघितलं, आणि पुन्हा दगडादगडाने डावीकडे गेले. बस तिथेच होती. त्यांनी हे तीन-चारदा केलं. तिला वाटलं त्यांना खेळ सापडला. मग तिला त्यांचा चेहरा दिसला.

"म्हणजे तिथून माणूस आला असता," ते हळूच म्हणाले, "तर मला दिसला नसता."

तिने हे ठरवलं नव्हतं. तिला फक्त त्यांनी डावीकडे बघायला हवं होतं. डावीकडे काय काय आहे, याचा हिशेब तिने केलाच नव्हता. "व्यायामाने सुधारतं म्हणाली ती मुलगी," ती घाईने म्हणाली.

"सुधारेल. ताटापुरतं सुधारेल." त्यांनी फोटो बाजूला ठेवला. "एखादं पोर, सायकल. अगं, समोर बस असून मला ती शोधावी लागली. डेपोत फोन कर. सांग, येत नाही म्हणावं."

"उद्या करू. आता तुम्ही दमलात."

"तू दमलीस. आताच कर. उद्या मी नाही म्हणेन."

तिने फोन केला. डेपोतल्या बाबूने ऐकून घेतलं, "बरं, कळवतो वर" म्हणाला, आणि तब्येत सांभाळायला सांगितलं. एवढंच. एवढ्या वर्षांच्या रस्त्याला एवढंसं बोलणं पुरलं. ती परत आली तर ड्रायव्हरसाहेब डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. ती त्यांच्या उजव्या बाजूला, जिथे त्यांना दिसेल अशी, काठावर बसली. त्यांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "झाडाचा फोटो चांगला होता. मी आपला पाणी पाणी करत बसलो."

"पाणीही चांगलंच होतं," ती म्हणाली.

पुढे ते सुधारले, पण म्हटल्याप्रमाणे ताटापुरते. काठी घेऊन चालू लागलेत, पण डावा खांदा दाराच्या चौकटीवर अजूनही आपटतो, त्यावर सदा एक निळा डाग असतो. जाणारा-येणारा त्यांना डावीकडून हाक मारतो आणि ते उत्तर देत नाहीत, म्हणून काहींना ते शिष्ट वाटतात. रुजू व्हायचं ते पुन्हा बोलले नाहीत. काही दिवस फार वाईट गेले. ते जेवायचे नाहीत, ती बोलायची नाही, आणि फिजिओ मुलगी दोघांनाही रागवायची.

बसचा फोटो तिने फोटोवाल्याला दाखवला होता. ती दगडांचा दोर कसा न तुटता गेलाय ते सांगू लागली, तेव्हा त्याने मान हलवली. "दोर उत्तम. पण आभाळ फार झालंय वर. उगाच भार." तिने बघितलं. खरंच झालं होतं. तिला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. त्या फोटोत चूक काय, तर फक्त आभाळ जास्त झालंय, असं म्हणणारा तो एकटाच होता.

आता घाटात जायचं कारण उरलं नाही, तरी ती रविवारी बाहेर पडते. सगळ्याच रविवारी नाही. या रविवारी नणंद आली तेव्हा ती गादीवर आडवी होती, केससुद्धा विंचरले नव्हते.

"अगं, नाही जायचं का आज?"

"नाही, वन्सं. आज उजेड नाही."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. नणंदेने खिडकीकडे बघितलं, पडदा ओढून घेतला आणि तिच्या अंगावर चादर टाकली.